होडी ठेवा, बाकीचं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आटलेल्या तलावाचं एक सर्रिअल, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं, लँडस्केप केलंय, तळाला भेगा, मधे एक होडी, डावीकडे अर्धं हिरवं अर्धं जळलेलं झाड, मागे मेणबत्तीसारखी वितळणारी पृथ्वी आणि आभाळात रडणारा डोळा. बघणारे "छान मेसेज आहे" म्हणतात आणि पुढे सरकतात, चित्र कुणाच्या लक्षात राहत नाही, तर चुकतंय काय आणि असं चित्र करताना सुरुवात कुठून करायची. शिवाय रंग मातकट झालेत, तेही विचारलंय.

आधी सांगतो, हात चांगला आहे तुमचा. होडीच्या फळ्या ज्या पद्धतीने रंगवल्यात त्यावरून कळतं की ती होडी तुम्ही कुठेतरी नीट बघितलीये. डोळा आणि पृथ्वी मात्र बघून काढलेली नाहीत, ती आठवणीतल्या पोस्टरांवरून आलीत. आणि "छान मेसेज आहे" हे चित्राबद्दल बोलायचं टाळण्याचं सभ्य वाक्य आहे, मला स्वतःला ते इतक्या वेळा ऐकायला मिळालंय की आता ते ऐकलं की मी घरी येऊन चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो.

पंचवीसेक वर्षं हेच काम करून माझ्या हाताला लागलेली गोष्ट एवढीच की सर्रिअल लँडस्केपमध्ये थाप एकच मारायची आणि बाकी सगळं शपथेवर खरं रंगवायचं. तुमच्या चित्रात थापा चार आहेत, झाड, पृथ्वी, डोळा, आणि भेगांचं म्हणाल तर तीही एक नकळत मारलेली थाप, तिच्यावर येतोच. चार थापा ऐकल्या की माणूस गोष्ट ऐकणं सोडून देतो, हा काय सांगणार हे त्याला आधीच कळलेलं असतं.

सर्रिअलिस्ट चित्रकार साल्वादोर दालीचं ते वितळत्या घड्याळांचं चित्र घ्या, 1931 चं. सगळ्यांना घड्याळं आठवतात, पण मागे जे कडे दिसतात ते त्याच्या रोजच्या बघण्यातल्या, स्पेनमधल्या कॅटलन किनाऱ्यावरचे, आणि उजेड इतका स्वच्छ आणि तंतोतंत आहे की घड्याळं वितळली तरी आपण हरकत घेत नाही. आकार जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटर, वहीच्या कागदाएवढा! मोठ्या कॅनव्हासने परिणाम मोठा होतो या समजुतीत असाल तर हे डोक्यात ठेवा.

पण तुमच्या विषयाला दालीपेक्षा पॉल नॅश जास्त जवळचा. इंग्लिश चित्रकार, पहिल्या महायुद्धात खंदकात होता, नंतर सरकारने युद्धाचं चित्रण करायला पाठवला. 1918 मध्ये त्याने एक चित्र केलं, तोफांनी उकरलेली जमीन, झाडांचे नुसते खुंट, आणि मागून तांबड्या ढगांवरून नेहमीसारखा सूर्य वर येतोय. नाव काय दिलं, तर 'आम्ही नवं जग घडवतोय'. त्यात एक माणूस नाही, एक प्रेत नाही. मग दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 मध्ये, ऑक्सफर्डजवळ पाडलेल्या जर्मन विमानांच्या भंगाराचा ढीग होता, तिथे जाऊन त्याने फोटो काढले, स्केचेस केली आणि त्यातून 'टोटेस मेर', जर्मनमध्ये मेलेला समुद्र, हे चित्र केलं. मोडलेल्या पंखांच्या लाटा, त्या लाटा किनाऱ्याला लागतायत, वर चंद्र, आणि एक छोटं पांढरं घुबड उडतंय. थाप एकच, की हे भंगार समुद्र आहे. किनारा खरा, चंद्राचा उजेड खरा, लाटांची रांग खरी. हे चित्र पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा मी माझी दोन अर्धवट चित्रं खरवडून टाकली होती, खोटं नाही सांगत.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे जरा वेळ घालवतो कारण घोळ बहुतेक इथेच होतो. "पर्यावरणाचा ऱ्हास" हे रंगवता येत नाही. तो निबंधाचा विषय झाला, चित्राला एक विशिष्ट गोष्ट गेलेली लागते. कुठलं पाणी गेलं, कसं गेलं, जाताना मागे काय ठेवून गेलं. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं बघा, 1960 च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि समुद्र मागे मागे सरकत गेला, उरलेलं पाणी खारट होत गेलं, मासे मेले, आणि उझबेकिस्तानातलं मोयनाक नावाचं जे बंदर होतं तिथली जहाजं आजही वाळूत उभी आहेत. नुसतं "समुद्र आटला" म्हटलं की डोक्यात भेगा येतात, सगळ्यांच्याच येतात. पण "बंदर जागेवर राहिलं आणि किनारा निघून गेला" असा विचार केला की लगेच वेगळं चित्र दिसायला लागतं, बरोबर ना?

किंवा प्रवाळ. समुद्राचं तापमान वाढलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं, रंग त्या शैवालाचा असतो आणि प्रवाळाचं बरंचसं अन्नही तेच पुरवतं, मग खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. गंमत (गंमत तरी कसली) अशी की ते पांढरं दृश्य बघायला सुंदर असतं, ज्याला माहीत नाही तो म्हणेल काय छान बर्फासारखं दिसतंय. उपासमारीचा रंग पांढराशुभ्र आहे हे कळलं की तुमचा पॅलेट बदलतोच.

तुमच्या भेगांचं आता. मी झूम करून बघितल्या, सगळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या, षटकोनी, आणि पुढच्या मागच्या जवळपास एकाच मापाच्या, बाथरूमच्या टाइल्स लावल्यासारख्या. चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा भेगा साधारण काटकोनात एकमेकींना भिडतात, आधी एक लांब भेग जाते मग दुसरी येऊन तिला टेकते, इंग्रजी टी अक्षरासारखं. तोच चिखल परत परत भिजला आणि वाळला की हळूहळू ते सांधे तीन फाट्यांचे होत जातात, वाय सारखे, आणि तेव्हा कुठे षटकोनाकडे झुकणारा आकार येतो. म्हणजे तुम्ही काढलाय तो तलाव दरवर्षी भरतो आणि दरवर्षी आटतो, त्यात काय दुःख करायचं! कायमचा गेलेला तलाव दाखवायचा असेल तर सांधे टी सारखे काढा. बघणाऱ्याला हे नियम माहीत नसतात मान्य, पण डोळ्याला काहीतरी खरं आहे हे कळतं, कसं कळतं ते मला विचारू नका. आणि लांबच्या भेगा चपट्या होत होत नुसत्या आडव्या रेषा व्हायला पाहिजेत.

अजून एक गोष्ट जी आटलेल्या पाण्याच्या चित्रात जवळपास कुणीच काढत नाही, ती म्हणजे पाण्याची जुनी रेघ. अमेरिकेतला हूवर धरणाचा लेक मीड जलाशय 2022 मध्ये, भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेला होता, त्याचे फोटो आठवून बघा. खडकांवर पांढरा पट्टा आहे, पाण्यातल्या क्षारांचा, वर एकदम सपाट संपणारा, जणू कुणी पट्टी लावून रेघ मारलीये. पाणी नाहीये पण ते कुठवर होतं याचा हिशोब दगडावर लिहून ठेवलाय. माझ्या मते ती एक रेघ तुमच्या रडणाऱ्या डोळ्याच्या दहापट काम करते.

यावरून खरा मुद्दा, नसलेली वस्तू कशी रंगवायची. नष्ट झालेलं दाखवायला आपण मोडकं, जळकं, मेलेलं काढतो, म्हणजे शेवटी काहीतरी *असलेलंच* काढतो. मी एकदा एका मोकळ्या मैदानावर झाडाची फक्त सावली काढली, झाड नाहीच. कल्पना मोठी ग्रेट नाही, अनेकांना सुचलेली आहे. पहिल्या प्रयत्नात ते चित्र पडलं, कारण भीती वाटली की लोकांना कळणार नाही, म्हणून कोपऱ्यात एक कुऱ्हाड ठेवली, मग एक मेलेला पक्षी, मग एक रिकामं घरटं. तीन महिने त्या चित्राशी झटापट चालली होती. शेवटी वैतागून पॅलेट नाइफने कुऱ्हाड पक्षी घरटं तिन्ही खरवडलं आणि सावलीवर बसलो.

सावलीवर बसलो म्हणजे काय तर तिचा अभ्यास केला. सूर्य ठिपका नाही, आभाळात तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे वस्तू जमिनीपासून जितकी लांब तितकी सावलीची कड पसरट. अंदाजे हिशोब सांगतो, 10 मीटर अंतरावरून पडलेल्या सावलीची कड 9-10 सेंटिमीटर धूसर होते. म्हणजे खोडाच्या बुंध्यापाशी सावली चाकूने कापल्यासारखी आणि शेंड्याची सावली विरघळलेली. दुसरं म्हणजे पानांच्या फटीतून जे उन्हाचे कवडसे पडतात ते गोल असतात, फट कशीही वेडीवाकडी असो, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची छोटी प्रतिमा असते (खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, कधी बघितलं नसेल तर पुढच्या ग्रहणाला झाडाखाली जमिनीकडे बघा). मी त्या सावलीत गोल कवडसे काढले, एकमेकांत मिसळणारे, काही फिके काही उजळ. आणि मग झालं काय, की चित्रासमोर आलेला माणूस सावली बघून मान वर करायचा. कॅनव्हासच्या वर, भिंतीकडे. झाड शोधायला. त्या दिवशी मला कळलं की हे जमलं, मेसेज वगैरे कुणी काही बोललं नाही.

रंगांबद्दल. मातकटपणा येतो कारण तुम्ही सगळं दुःख तपकिरी आणि करड्यात ओतलंय, आणि वर ते झाडाचं अर्धं हिरवं सरळ ट्यूबमधून काढून लावलंय, ते ओरडतंय. हिरव्याची एक कथा सांगतो, विषयाला धरूनच आहे. 1775 मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिकपासून एक हिरवा बनवला, पुढे 1814 मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्टला त्याहून झगझगीत असा एमराल्ड ग्रीन बाजारात आला, तोही आर्सेनिकचाच. चित्रकारांनी कुरणं, झाडं, बागा त्यात रंगवल्या, भिंतीच्या कागदांना लावला, आणि नंतर तीच पावडर पिकांवर कीटकनाशक म्हणून मारली गेली. म्हणजे निसर्गाचा सगळ्यात ताजा दिसणारा हिरवा हा विष होता. हे डोक्यात असलं की ट्यूबमधला हिरवा उचलताना हात जरा थांबतो.

मी काय करतो तर पॅलेटवर हिरवा ठेवतच नाही. काळ्यात पिवळा मिसळला की ऑलिव्हकडे जाणारा एक दबका हिरवा मिळतो, बहुतेक ठिकाणी तेवढा पुरतो. आणि त्याहून भारी युक्ती म्हणजे हिरवा न लावता दाखवायचा. शेव्रल नावाचा केमिस्ट पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचा, तिथे तक्रार यायची की काळा धागा नीट काळा दिसत नाही, त्याने तपासलं तर धागा ठीकच होता, शेजारच्या रंगामुळे डोळा फसत होता. 1839 मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तकच काढलं. तर तत्त्व असं की लालसर मोठ्या पट्ट्यात तटस्थ करडा ठेवला की तो हिरवट दिसतो. तुमची जमीन लालसर तांबूस घ्या, तिच्यात भेगांच्या आत किंवा होडीच्या कडेला शुद्ध करडा ठेवा, काळा अधिक पांढरा, बाकी काही नाही. बघणाऱ्याला तिथे हिरवळीचा भास होईल आणि जवळ आला की तो जाईल. कॅनव्हासवर नसलेला हिरवा! आटलेल्या तलावाच्या चित्रात यापेक्षा योग्य रंग कुठला असणार. छोट्या पुठ्ठ्यावर आधी करून बघा, लाल फार भडक नको, आणि करड्याची गडदता लालाच्या बरोबरीची ठेवा, दोन्हींत अंतर पडलं की जादू होत नाही.

हवेचंही तसंच. लांबच्या गोष्टी फिक्या निळसर करायच्या हे सगळे शिकतात, पण सर्रिअलमध्ये तो नियम तुमच्या हातातला स्क्रू आहे. इव्ह तांगी या सर्रिअलिस्ट चित्रकाराच्या चित्रांत जमीन आणि आभाळ कुठे मिळतात ते कळत नाही, धुक्यासारखं एकातून दुसरं निघतं, आणि पुढच्या वस्तूंच्या सावल्या मात्र कडक, त्यामुळे जागा ओळखीची वाटते आणि नाहीही. उलट बाजूने, हवाच काढून टाका, लांबचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच स्पष्ट करा. चंद्रावर हवा नाही म्हणून अपोलोच्या अंतराळवीरांना अंतरांचा अंदाज येत नव्हता, तसंच बघणाऱ्याचं होतं, काहीतरी निर्जीव आहे इथे एवढं कळतं. आणि वणव्याचं आभाळ काढणार असाल तर फोटोवर विश्वास ठेवू नका. 9 सप्टेंबर 2020 ला सॅन फ्रान्सिस्कोचं आभाळ धुराने पूर्ण नारिंगी झालं होतं, आणि लोकांचे फोन तो नारिंगी आपोआप दुरुस्त करून करडा दाखवत होते, कॅमेऱ्याला वाटलं काहीतरी चुकतंय. कॅमेरासुद्धा मानायला तयार नाही अशी परिस्थिती, यावरच एक चित्र होईल खरं तर.

पोत हवा असेल तर डेकॅल्कोमॅनिया करून बघा, नाव अवघड आहे पण काम पोराटोरांचं. गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ रंग, वर काच किंवा कागद दाबायचा आणि उचलायचा. उचलताना हवा आत शिरते आणि रंगात फांद्या फुटतात, प्रवाळासारख्या, नदीच्या मुखासारख्या. ऑस्कर डोमिंगेझ या चित्रकाराने 1930 च्या दशकात ही युक्ती सर्रिअलिस्ट मंडळींत आणली आणि जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्टने तिच्यातून 1940 ते 42 या काळात 'पावसानंतरचा युरोप' केलं, सडलेलं की उगवलेलं कळू नये असं लँडस्केप. पण एर्न्स्टची खरी कारागिरी नंतरची आहे, त्या पोतावर त्याने गुळगुळीत आभाळ रंगवत आणलं आणि आभाळाच्या कडेनेच कडे, खांब, आकृत्या कापून काढल्या. नवशिके पोत काढून खूश होतात आणि तिथेच थांबतात, मग ते चित्र मार्बलसारखं दिसतं. ठशातून काय ठेवायचं आणि कशावर आभाळ फिरवायचं हे ठरवणं हीच चित्रकला आहे इथे.

सामानाचं पटकन सांगतो. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, त्यामुळे पर्यावरणावर चित्र काढून ब्रशचं पाणी सिंकमध्ये ओतणं बरं दिसत नाही. ब्रश आधी चिंधीने कोरडा पुसा, पाणी बादलीत साठवा, तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट आणि विरलेला चुना घातला की गाळ खाली बसतो, तो गाळून कचऱ्यात. ऑइल करत असाल तर टर्पेन्टाइन बरणीत निवळू द्या, वरचं परत वापरा, आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. खालच्या थरात झिंक व्हाइट हा पांढरा रंग टाळा, पुढे ठिसूळ होतो. भेगा रंगवायच्या आहेत, रंगाला पाडायच्या नाहीत.

आता तुमच्या चित्राकडे परत. डोळा काढा, पृथ्वी काढा, झाड काढा. होडी ठेवा, कारण ती तुम्ही बघितलीये. पण ती तळावर ठेवू नका. जिथे पाणी होतं त्याच पातळीवर, हवेत, तशीच तरंगत राहू द्या. खाली भेगाळलेला तळ, त्यावर होडीची सावली, कड पसरलेली कारण होडी उंच आहे. बाजूच्या खडकांवर पांढरा पट्टा, आणि पट्ट्याची वरची कड बरोबर होडीच्या पाणरेषेच्या पातळीला. ही तुमची एकुलती एक थाप. बघणारा तळावर उभा आहे, म्हणजे त्याला होडीची खालची बाजू दिसणार, वाळलेलं शेवाळ चिकटलेली, आणि हळूहळू त्याच्या लक्षात येणार की आपण उभे आहोत ती जागा पाण्याखालची आहे.

पर्स्पेक्टिव्ह सांभाळा, पाण्याची पातळी डोळ्याच्या वर आहे तर जवळच्या खडकावर ती रेघ उंच असेल आणि लांब जाताना खाली उतरत क्षितिजाला मिळायला जाईल, हे चुकलं तर होडी टांगलेल्या दिव्यासारखी दिसेल. तीन-चार थंबनेल, म्हणजे अगदी छोटी स्केचेस, आधी करा, नुसती काळी-पांढरी, सावली आणि होडी यांच्यातलं अंतर किती ठेवायचं ते त्यातच सापडेल. नाव देताना 'तहानलेली धरती' वगैरे नको प्लीज, त्या तलावाची खोली मीटरमध्ये लिहिलीत तरी चालेल.

आणि नांगराचा दोर. तो होडीतून खाली येऊन तळाला टेकलेला असणार. ताणलेला ठेवायचा की सैल, हे ब्रश हातात घ्यायच्या आधी ठरवा, कारण ताणलेला असेल तर त्या होडीला अजून कुठलं तरी पाणी वर ढकलतंय, आणि सैल असेल तर तिला कुणीतरी तशीच सोडून गेलंय. मी ताणलेला ठेवला असता.